पाणी कुठवर आलंय

पंचवटी विभागीय कार्यालय, जन्म-मृत्यू नोंदणी,
खिडकी चार.
मी निरभवणे मॅडम.
पावणेदहाला थम लावते,
पर्समधून चष्मा काढते, मग चेहरा.
चष्म्याला निदान डबी आहे.

मागच्या महिन्यात सौजन्य सप्ताह झाला.
पुण्याहून आलेला मुलगा शिकवत होता,
समोरचा कितीही चिडू दे,
ओठांचे कोपरे एवढे, एवढेच, वर.
बागूलभाऊंनी विचारलं, मयताच्या दाखल्यालाही?
मुलगा वही चाळायला लागला.
तेवढ्यात चहा आला.

आमच्याकडे एकच रांग.
तिच्यात पेढ्यांचा पुडा घेतलेले बाप,
आणि त्यांच्या मागे दहाव्याहून थेट आलेली तासलेली डोकी,
रामकुंडाचं पाणी अजून कानामागे.
दोघांनाही मी एकाच पट्टीत सांगते:
आधारची झेरॉक्स, दवाखान्याचा फॉर्म,
नावातली वेलांटी आत्ताच बघून घ्या,
नंतर ॲफिडेव्हिट लागतं.
शिव्या येतात.
त्या मला नसतात, हे मला पाठ आहे.
घरातलं माणूस गेलेलं असतं
आणि देव काही दहा ते सहा खिडकीत बसत नाही.

मंगळवारी एक जण आला.
ओझरचा. कारखान्याचा बिल्ला तसाच खिशाला.
त्याला दोन्ही दाखले हवे होते
एकाच माणसाचे.
नऊ तास.
नियम असा, की आधी जन्म नोंदवायचा,
मग दुसरं.
म्हटलं, नावाचा रकाना कोरा ठेवला तरी चालतो.
तो म्हणाला, ठेवू?
म्हटलं, तुमची इच्छा.
मागून कोणीतरी, आवरा की राव.
त्याने माझंच पेन घेतलं
आणि रकान्याबाहेर जाईल एवढ्या अक्षरात लिहिलं,
मृण्मयी.
मॅडम, पहिला मृ बरोबर आहे ना?

मी दिवसाला शंभरदा मृ लिहिते.

बरोबर आहे, म्हटलं.
टाईप केलं. दोनदा.
दोन पावत्या फाडल्या.
ओठांचे कोपरे होते तिथेच ठेवले
आणि म्हटलं, पुढचे.

संध्याकाळी धाकटी दारातच रडत उभी.
सायकल, गुडघा, रक्त.
माझ्या तोंडून निघालं:
कधी घडलं? सोबत कोण होतं?
ती रडायची थांबली.
म्हणाली, आई, तू खिडकीतून बोलतेयस.

हळद लावली. कुकर लावला.
शिट्या मोजता मोजता किती झाल्या ते विसरले,
भाताचा गोळा झाला,
कोणी काही बोललं नाही.

आमच्या गावाला पूर मोजायला पट्टी लागत नाही,
दुतोंड्या मारुती आहे.
गोदावरी फुगली की लोक फोनवर विचारतात,
गुडघ्याला लागलं का? छातीला?
गळ्याला म्हटलं की सराफ बाजार माल वर चढवायला घेतो.
तो आपला दोन्हीकडे तोंडं करून उभा.
त्याला कोणी विचारल्याचं ऐकलं नाही,
बाबा रे, गार लागतंय का?
ओसरलं की शेंदूर लावतात
आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरतात.

बुधवारी बागूलभाऊंनी डबा उघडायच्या आधी
माझ्याकडे नुसतं बघितलं.
मॅडम, आज कुठवर?
सोळा वर्षं शेजारी बसतो आम्ही,
बदल्या, इंक्रीमेंट, त्यांचा बायपास, सगळं बोलतो.
हे कधी नाही.
म्हटलं, गळ्याला.

ते उठले.
साडेबाराच वाजले होते,
तरी त्यांनी माझ्या खिडकीत
'जेवणाची वेळ' ही पाटी उभी केली
आणि काच ओढून घेतली.

बाहेर लगेच आरडाओरडा सुरू झाला.
सगळ्या शिव्या या वेळी
अगदी माझ्याच होत्या.
इतकं बरं वाटलं,
की रडूच आलं.